वरचा एक दिरहम

लिहायला बसले की पहिली लाज अक्षराची वाटते. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला चौथीपर्यंत नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर कळायला शाळाच उरली नाही. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला रोज होडीतून कोण नेणार. त्यात आता हात कापतो, ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरते. तेव्हा सना बेटी, माझ्यामागे ही पानं तुझ्या हाती लागली तर चुका पोटात घाल. तुला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इतक्या मोकळेपणाने लिहिते आहे.

जे लिहायचं आहे ते एका पाकिटाचं आहे. इतकी वर्षं झाली, पण कोणी साधं पांढरं पाकीट पुढे केलं तरी माझी बोटं गार पडतात. बँकेतला माणूससुद्धा विचारतो, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?" त्याला काय सांगणार?

विशी नुकतीच लागली होती तेव्हा मी दुबईला आले. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातले अर्धे पुरुष आखातात, त्यामुळे दुबई मला परकी नव्हती. परकं होतं ते घर. फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, नवऱ्याच्या ओळखीने अल मनखूलमधल्या एका पुणेरी कुटुंबात मी कामाला लागले. काका हिशेबाच्या नोकरीत. त्यांची मुलगी ईशा ऊद मेथाच्या शाळेत जायची. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मी मान हलवायची. आणि सुलभाकाकू. पहिल्याच दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम मी बाहेरच्यांची. तू काकू म्हण. आणि मान वर करून बोल, जमिनीवर माझं नाव लिहिलेलं नाही." पण मान वर होत नसे. मी इतकी भिडस्त होते की दाराची घंटा वाजली तर आधी ओढणी सारखी करायची, मग पाणी प्यायची, मग दार उघडायची. तोवर येणारा दुसऱ्यांदा घंटा वाजवून मोकळा.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. खिडकीतल्या जुन्या एसीची घरघर इतकी सतत असे की तो बंद झाला तर कोणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं वाटे. मागच्या मशिदीतली अजान, तिच्यावर काकूंच्या कुकरची शिट्टी, आणि काकांचं "अगं, तीन दिरहमला कोथिंबीर? म्हणजे छत्तीस रुपये!" काका पगार दिरहमात घेत, पण जीव रुपयांत टाकत. जेवण साधं, आमटी-भात, एक कोरडी भाजी, शुक्रवारी थालीपीठ. मला मासळीची इतकी आठवण येई की काकूंनी स्वतः शाकाहारी असून माझ्यासाठी एक वेगळी कढई आणून ठेवली आणि सांगितलं, "तुझ्या बांगड्यांचा वास बाल्कनीतच राहू दे म्हणजे झालं."

काकू पुण्यात शाळेत शिकवत असत. दुबईत बसून कंटाळल्या आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर इंग्रजीची शिकवणी सुरू केली. शिकायला येत ते सगळे चिनी, खाडीपलीकडच्या देरामध्ये दुकानं चालवणारे. बॅगांच्या दुकानाची मालकीण लिन, खेळणी विकणारी वांग, आणि आणखी दोघे-तिघे. त्यांना गिऱ्हाइकाशी बोलता यावं एवढंच हवं होतं, पण काकूंना एवढंच कधी पुरलं नाही. त्यांचा नियम असा, की एक क्रियापद पुरतं अंगात भिनल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि भाषांतर करायचं नाही, करून दाखवायचं. 'टेक' या एका शब्दापाशी तो वर्ग जवळजवळ दोन महिने अडकला.

"चहा टेक करायचा, टॅक्सी टेक करायची, औषध टेक करायचं, आंघोळ टेक करायची, फोटोसुद्धा टेक करायचा," काकू मला स्वयंपाकघरात येऊन सांगत. "इंग्रजाला जगातलं सगळं उचलून घ्यायचीच सवय, दुसरं काय!" टेबलावर मात्र गोंधळ चाले. वांग हटकून म्हणायची, "नो टीचर, मेडिसिन ईट! टॅक्सी सिट! बाथ वॉश!" त्यांच्या भाषेत औषध खातात, टॅक्सीत बसतात आणि अंग धुतात; प्रत्येकाला वेगळा शब्द. मी चहा गाळता गाळता थबकले. हिंदीतही दवा खातातच की! आणि आपण चहा घेतो, औषध घेतो, पण टॅक्सी करतो, आंघोळ करतो, फोटो काढतो. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत आपण इंग्रजांबरोबर आणि मग सुटून आपल्या वाटेने. आयुष्यात पहिल्यांदा मला आपली बोली अशी बाहेरून दिसली. चहा उतू गेला.

करून दाखवायला काकूंना माणूस लागे, आणि ते माणूस मी. "नसीम, टेक द कप." मी कप घ्यायची. "टेक इट टू लिन." मी नेऊन द्यायची. "टेक अ सीट." मी खुर्चीच्या कडेवर टेकायची. सगळे टाळ्या वाजवत आणि माझ्या पाठीला घामाची धार लागे. ईशा खोलीतून ओरडायची, "ममा, शी इज नॉट अ डॉल!" पण खरं सांगू? ती बाहुली व्हायला मला आवडू लागलं होतं. मला कोणी काही विचारत नसे, फक्त घ्यायचं नि द्यायचं. आणि त्या घेण्या-देण्यात शब्द माझ्याही तोंडात येऊन बसत होते. बाहेर पडत नव्हते, एवढंच.

लिन मला पहिल्यापासून वेगळी वाटली. ती हसण्याआधी तोंडावर हात धरायची, माझ्यासारखीच. तिला दिवस गेलेले होते. नवरा माल आणायला चीनला जायचा तो महिनामहिना तिकडेच. मुलगा झाला तेव्हाही तो तिकडेच होता आणि सासूचा व्हिसा अडकलेला. बातमी कळली तेव्हा काकू मला म्हणाल्या, "दुपारची तू तिच्याकडे जात जा. बाळंतिणीला एकटं ठेवायचं नसतं, मग ती चीनची असो की चिपळूणची."

मी अब्रातून, म्हणजे तिथल्या उघड्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडून जाऊ लागले. पाण्यावर आले की मला गावी आल्यासारखं होई. पहिल्या दिवशी लिनच्या घरात पाय ठेवला आणि मी चकित झाले. दुबईचा उन्हाळा आणि घरात एसी बंद! खिडक्या लावलेल्या, लिनच्या डोक्याला फडकं, पायांत लोकरीचे मोजे. मला बघून ती घाबरून म्हणाली, "नो एसी. नो कोल्ड वॉटर. नो वॉश हेअर. वन मंथ." तिला वाटलं मी हसेन. मला मात्र माझी आई दिसली, धाकट्या भावाच्या वेळची, कानात कापूस घालून चुलीपाशी बसलेली. मी खूण करून माझे कान दाखवले, कापूस दाखवला, पोटाला बांधायचा पट्टा दाखवला. लिन माझ्याकडे बघतच राहिली. "यू... सेम?" मी म्हटलं, "सेम." काकूंच्या घराबाहेर बोललेला माझा पहिला इंग्रजी शब्द तो.

त्या महिन्यात मी तिला मेथीची पेज दिली, सुंठ-गुळाच्या गोळ्या वळून दिल्या, अळीव नारळाच्या दुधात शिजवून दिले. ती मला तिच्या बाजरीसारख्या दाण्यांची लाल साखर घातलेली पेज खायला लावी. तिचं एक पातेलं मात्र ती मला शिवू देत नसे. त्यातलं मांस मला चालणारं नाही हे तिने न सांगता ओळखलं होतं आणि ते पातेलं ती स्वतः उठून वेगळं ठेवायची. बाळाचं नाव मिंग. माझ्या पायांवर घेऊन मी त्याला तेल लावायची तेव्हा तो इतका जोरात पाय झाडायचा की लिन म्हणायची, "फुटबॉल!" दोघी घामाने निथळत हसायचो, दोघींचे हात तोंडावर. मला तिथे कोणी हुकूम सोडत नव्हतं, बाहुलीही करत नव्हतं. वाट बघणारं ते एकच दार मला त्या शहरात होतं.

महिना पुरा होतो त्या दिवशी त्यांच्याकडे मोठा आनंद असतो. लिनची सासू तोवर येऊन पोचली होती. लिनने मला आग्रहाने बोलावलं. बाळाच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं म्हणून मी माझ्या पगारातली शंभराची नोट बाजूला काढली. काकू म्हणाल्या, "अगं, नुसते शंभर देतेस? शून्यावर संपलेला आहेर देऊ नये. वर एक हवाच." आणि त्यांनी स्वतःच्या पर्समधलं एक दिरहमचं नाणं काढून दिलं, ज्यावर कॉफीच्या सुरईचं चित्र असतं ते. काका चष्मा वर करून म्हणाले, "बाराशे बारा रुपये झाले बरं का!" आणि आपल्या टेबलाच्या खणातून एक कोरं करकरीत पांढरं पाकीट काढून दिलं. मी ते ओढणीच्या टोकात बांधून निघाले. अब्रात बसून मनात वाक्य घोकत होते. प्लीज टेक. प्लीज टेक. फॉर बेबी.

लिनच्या घरी त्या दिवशी एसी चालू होता. टेबलावर लाल रंगात रंगवलेल्या अंड्यांचा मोठा वाडगा होता, भिंतीवर लाल कागद. दहाबारा माणसं, सगळी मोठ्याने बोलणारी. सासू बुटकी, ताठ, मिंगला मांडीवर घेऊन मधोमध बसलेली. मी तिच्यापुढे गेले, बिस्मिल्ला म्हटलं, उजव्या हाताने पाकीट पुढे केलं आणि सगळं बळ एकवटून बोलले, "प्लीज टेक. फॉर बेबी."

सगळं घर गप्प झालं. बोलणं हळूहळू कमी होत जातं तसं नाही. एकदम, दिवे गेल्यासारखं. सासूने पाकिटाकडे पाहिलं, बाळाला मागच्या बाईकडे असं दिलं जसं कोणी आगीपासून दूर करतं, आणि दोन बोटांच्या चिमटीत पाकीट धरून उलटं केलं. आधी नोट पडली. मग नाणं. ते नाणं फरशीवर आपटलं, कडेवर उभं राहून घरंगळत गेलं आणि सोफ्याखाली कुठेतरी फिरत फिरत बसलं. तो आवाज मला आज लिहितानाही ऐकू येतो. म्हातारी किंचाळली. काय ते मला कळलं नाही, पण किंचाळण्याला भाषा नसते. तिने नोट पाकिटात कोंबली, पाकीट माझ्या छातीवर दाबलं आणि मला दाराकडे ढकलू लागली. मी लिनकडे पाहिलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती उठली नाही. दार माझ्या तोंडावर लागलं.

मी जिन्यात उभी राहिले. रडू आलं नाही, इतकी मी हबकले होते. माझं काय चुकलं? हात अस्वच्छ होता? पैसे कमी होते? मी मुसलमान म्हणून? कामवाली म्हणून? अब्रा कधी आली, कधी लागली, मला आठवत नाही. घरी येऊन मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि काकूंना एवढंच म्हटलं, "नाही घेतलं त्यांनी."

"नाही घेतलं म्हणजे?" काकू संतापल्या. "तुझ्या हातची पेज महिनाभर चालली आणि आता हे? थांब, मी फोन करते." पण फोन कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणीला एकटी वांग आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "टीचर, लिन्स बेबी हॉस्पिटल. फीवर. ब्रीदिंग नॉट गुड." माझ्या हातातला ट्रे खाली गेला. वांग वाकून मला कप उचलायला मदत करू लागली आणि उठताना तिची नजर टेबलावरच्या त्या पाकिटावर गेली. ती अशी मागे सरली की खुर्ची पडली.

"हू गिव्ह?" तिने विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. पाकिटाला हात न लावता वांगने विचारलं, "हाऊ मच?" काकू म्हणाल्या, "वन हंड्रेड अँड वन." वांगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मोडक्या इंग्रजीत, थोड्या हिंदीत तिने समजावलं. त्यांच्याकडे आनंदाला लाल पाकीट, आणि आत जोडीचा आकडा, कारण सुखाने जोडीने यावं. पांढरं पाकीट मयताच्या घरी नेतात. आणि त्यात शंभरावर एक घालतात, एकटा एक, म्हणजे दुःख त्या घरात पुन्हा जोडीने येऊ नये. "डेड मॅन मनी," वांग म्हणाली. "यू गिव्ह बेबी डेड मॅन मनी."

काकू खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि आमच्यात तो एक अशासाठी ठेवतात, की देणं तिथे संपू नये." तो नियम त्यांनी जन्मभर पाळला होता, त्यांच्या आईने पाळला होता. आमच्या गावातही निकाहाला एकशे एकच देत. इतक्या चांगल्या हेतूची गोष्ट खाडीच्या त्या तीरावर जाईपर्यंत इतकी काळी होऊ शकते, याचा धक्का त्यांनाही माझ्याइतकाच बसला होता.

पण मला त्याहून मोठी भीती होती. आमच्याकडे नजर मानतात. बाळाला कोणी नुसतं "गुटगुटीत" म्हटलं तरी आई मीठ-मिरची ओवाळते. मी तर त्याच्यापुढे कफनाचे पैसे धरले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात. काका म्हणाले, "अगं पोरी, ताप जंतूंनी येतो, पाकिटाने नाही. महिनाभर बंद घर आणि एकदम दहा माणसं, एसी. सोपं गणित आहे." गणित मला पटत होतं आणि तरी घास उतरत नव्हता. मी नमाजला बसले की डोळ्यांपुढे ते झाडणारे पाय येत. म्हणायची, या अल्ला, त्याला ठेव. मला त्या घरात पुन्हा पाऊल नाही टाकता आलं तरी चालेल. असलं मागणं मी ना त्याआधी मागितलं, ना नंतर. वर्गात काकूंनी मला पुन्हा पुढे बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नसता.

वांगच बातमी आणत होती. आज नळ्या आहेत. आज दूध घेतलं. मग एके दिवशी ती जिन्यातूनच ओरडत आली, "बेबी गो होम!" काकूंनी मला जवळ घेतलं आणि मी तेव्हा रडले.

"मी येते तुझ्याबरोबर. त्या म्हातारीला मी समजावते," काकू पदर खोचत म्हणाल्या.

"नको काकू," मी म्हटलं. "मीच जाते." माझा आवाज ऐकून ईशासुद्धा खोलीतून बाहेर आली. तिच्या प्रोजेक्टसाठी आणलेला लाल चकचकीत कागद कापून, चिकटवून तिने मला पाकीट करून दिलं. त्या दिवशी ती माझ्याशी मराठीत बोलली. "जा तू. घाबरू नको." मी तीच शंभराची नोट त्यात घातली, वर काही नाही. वांगने शिकवलं होतं, दोन हातांनी द्यायचं आणि मान थोडी खाली. मान खाली घालणं मला शिकवावं लागलं नाही.

दार सासूनेच उघडलं. मला पाहून तिचं तोंड मिटलं. आतून मिंगचा आवाज येत होता, चांगला खणखणीत, भुकेचा. मी दोन्ही हातांनी लाल पाकीट पुढे धरलं. घोकलेलं सगळं उडून गेलं होतं, दोनच शब्द उरले होते. "प्लीज टेक."

ती बघत राहिली. पाकिटाकडे, माझ्या हातांकडे. मग तिने माझ्या मागे जिन्यात पाहिलं, बरोबर कोणी आहे का, आणि कोणी नाही हे बघून तिच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. आत गेली. दार उघडंच होतं. परत आली ती एक लाल रंगवलेलं अंडं घेऊन. ते तिने माझ्या तळहातावर ठेवलं आणि तोंडाकडे खूण केली, खा. इतक्या दिवसांनी तिने ताजं अंडं रंगवलं होतं की जुनं होतं, देव जाणे. मी उंबऱ्यात उभी राहून सोललं आणि खाल्लं, बोटं लाल झाली. मागून लिन आली, मिंगला घेऊन. तिने त्याला माझ्या हातांत दिलं.

सना, तुझ्या लग्नात सगळ्यांत मागच्या टेबलावर एक चिनी बाई आणि खांबासारखा उंच तरुण बसले होते, तेव्हा तू मला विचारलंस, "हू आर दे, अम्मी?" मी म्हटलं, ओळखीचे. तू घाईत होतीस. तीच लिन, तोच मिंग. मधल्या काळात ती चीनला गेली, परत आली, शारजात दुकान थाटलं. आम्ही भेटायचो, पण त्या पाकिटाचं नाव दोघींनीही कधी काढलं नव्हतं.

तू स्टेजवर होतीस तेव्हा ती माझ्यापाशी आली. हातात पाकीट होतं, लाल. माझ्यापुढे धरून म्हणाली, "ओपन. नाऊ." देणाऱ्यासमोर पाकीट उघडणं त्यांच्यात वाईट दिसतं, हे मला एव्हाना माहीत होतं. म्हणून मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

आत शंभराची कोरी नोट होती. आणि नोटेखाली एक नाणं. मी तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या लग्नात, आनंदाच्या दिवशी, तिने हाताने मोजून एकशे एक घातले होते. तिच्या सासूने पाहिलं असतं तर पुन्हा किंचाळली असती.

"सोफा," लिन म्हणाली, आणि हाताने खाली, आत, अशी खूण केली. "हाऊस चेंज, आय फाइंड. सेम कॉइन. आय कीप." मग तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "यू... युवर वे. गिव्ह, नो फिनिश."

मी नाणं उलटं करून पाहिलं. सुरई झिजून पुसट झाली होती. लिनने माझी मूठ मिटवली आणि वरून आपले दोन्ही हात ठेवले. काकूंनी पर्समधून काढून दिलेला तो एक दिरहम, आणि माझ्या पगारातले ते शंभर. सगळे पैसे पुरते परत आले होते.